एकदाच विचारणारा

‘‘गाडीत खायचं हाय ना? मंग चिंचेखाली लावा. उन्हात लावलीत तर दुपारपर्यंत पुलाव आंबंल.’’

आमच्या इको गाडीच्या खिडकीत वाकून तो असं म्हणाला, आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याला आधी फोन करून कळवलं होतं. पुलाव मागच्या सीटखाली होता, दोन चादरींत गुंडाळलेला. याला कसा कळला?

‘‘वास येतोय,’’ तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. हसला म्हणजे... नुसत्या डोळ्यांनी.

मला राग आला. मला राग पटकन येतो. तो बाहेर पडत नाही, एवढंच.

आम्ही शेलूहून आलो होतो. आई, बाबा, अक्षयदादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी, सुप्रिया. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस खालापूरजवळच्या त्या मोठ्या पार्कात खेळायचं आणि रात्री कर्जतला मावशीकडे मुक्काम, असा बेत होता. तिकिटांचा आकडा ऐकल्यापासून जेवणाची आघाडी आईनं स्वतःकडे घेतली होती. आत एक दाणासुद्धा विकत घ्यायचा नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण हातावर शिक्का मारून जेवायला बाहेर सोडतात, ही बातमी तिनं शेजारणीकडून काढली होती. पार्कचं पार्किंग महाग, म्हणून गाडी बाजूच्या शेतात. भात कापून झालं की खिडकीत वाकलेल्या त्या पोराच्या घरचे शेत गाड्या लावायला द्यायचे. पहाटे पाचला आईनं सगळ्यांना वरणभात खायला लावला होता, म्हणजे दुपारपर्यंत कुणी ‘भूक’ म्हणायला नको.

‘‘कुणीतरी डब्यांपाशी थांबायला हवं,’’ आई म्हणाली. ‘‘माकडं बघ किती आहेत.’’

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादानं बुटाची नाडी सोडून परत बांधली.

‘‘मी थांबते,’’ मी म्हणाले. ‘‘मला नकोच ते झोके.’’

‘‘हो, तिला नाहीच आवडत ते,’’ आई लगेच म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती हो, तिला खरंच तसं वाटत होतं. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. नेरळला पाणीपुरीच्या गाडीपाशी आईनं पर्स उघडून नुसतं आत पाहिलं, आणि मी म्हणाले, मला नको. तिचा चेहरा असा मोकळा झाला, की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मग आइस्क्रीम नको, घसा धरतो. सहल नको, गाडी लागते. पुढं बाबांना दुसरी नोकरी लागली, दादा कमवायला लागला, मीही नेरळला एका सीएच्या ऑफिसात जाऊ लागले. पण तोवर घरात पक्कं झालं होतं, की सुप्रियाला काही आवडत नाही.

सगळे आत गेले आणि मी चिंचेखाली उरले.

बसवेना. गाडीपासून बांधापर्यंत जायची, परत यायची. पायाखाली कापलेल्या भाताची धसकटं टोचत होती. पार्काच्या भिंतीमागून तो उंच झोका वर चढायचा, क्षणभर थांबायचा, आणि मग सगळ्यांची एकदम किंकाळी. मी डबे मोजले, पाण्याच्या बाटल्या सावलीत सरकवल्या, मग पुन्हा बांध. काय होतंय तेच कळेना.

‘‘तुमी आत नाय गेलात?’’ मघाचाच तो. खांद्यावर टॉवेल, हातात पावतीपुस्तक.

‘‘मला नाही आवडत.’’

‘‘बरं.’’ तो पेंढ्याच्या ढिगाला टेकून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘मंग तो झोका वर गेला की मान का वर होते तुमची?’’

‘‘माझी मान आहे. मी कुठंही करीन.’’

‘‘करा की. माझं काय जातंय.’’

त्यानं फडकं सोडलं. नव्या तांदळाची भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी. वास आला आणि पहाटेचा वरणभात कुठल्या कुठे गेला. आमच्या डब्यांना हात लावायचा नव्हता, सगळे जेवायला येईपर्यंत.

‘‘खाणार?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. तोंडातून आपोआप आलं ते.

‘‘बरं,’’ म्हणून तो जेवायला लागला.

म्हणजे काय! आपल्याकडे अशी रीत आहे का? पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं घ्या हो घ्या हो करायचं, मग अर्धी भाकरी पानात पडते. हा गृहस्थ निवांत घास मोडत होता. मी बांधापर्यंत जाऊन आले. तरी तो खातच होता.

‘‘तुम्ही कुणाला आग्रह करत नाही का?’’ शेवटी मी विचारलंच.

‘‘नाय. मी एकदाच विचारतो.’’

‘‘माणसं भिडेनं नको म्हणतात.’’

‘‘तसं आमच्या आईचंपण म्हणणं हाय.’’ त्यानं घास तसाच हातात धरला. ‘‘गेल्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. मोहोपाड्याची मुलगी. तिला विचारलं, पसंत हाय का, तर नको म्हणाली. मला वाटलं लाजतेय. परत विचारलं. आईनं विचारलं, मामीनं विचारलं. शेवटी हो म्हणाली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फोन करून रडली. म्हणाली, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, तुमी ऐकलंच नाय.’’

मी त्याच्यासमोर खाली बसले.

‘‘तवापासून माणूस जे म्हणेल ते खरं धरायचं,’’ तो म्हणाला. ‘‘आईलापण तसंच सांगितलंय.’’

मी उभी राहिले. पोटात कावळे ओरडत होते, आणि फडक्यात एकच भाकरी उरली होती.

‘‘द्या,’’ मी म्हणाले. ‘‘अर्धी.’’

त्यानं सबंध दिली.

देवेश नाव त्याचं. खोपोलीला कंपनीत शिफ्टला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी शेत सांभाळायचा. मी खात होते आणि तो विचारत होता, शेलू म्हंजे नेरळच्या पुढचं ना, लोकलनं जाता का, ऑफिसात दिवसभर काय करता. मी पंख्याखाली बसून लोकांचा कर वाचवते म्हटल्यावर म्हणाला, ‘‘आणि इथं चिंचेखाली घरच्यांचं जेवण वाचवता.’’ मी चटणीसकट ठसकले. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली, आणि मी ती घेताना बोटं लागली... दोघांनीही बाटली जरा जास्तच वेळ धरली.

दुपारी आमची पलटण बाहेर आली. धाकट्यानं होडीच्या झोक्यात पहाटेचा वरणभात सगळा बाहेर काढला होता. ‘‘एवढं साजूक तूप घातलं होतं,’’ आई हळहळली. दिवाळीतला उरलेला चिवडा पुलावावर घालून सगळे जेवले. मला भूक नव्हती. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मग पेंढ्याच्या ढिगाकडे पाहिलं, आणि गुपचूप कोशिंबीर वाढून घेतली.

त्या रात्री कर्जतला मावशीकडे मी नुसती कुशी बदलत राहिले. सकाळी वहिनी म्हणाली, ‘‘सुप्रिया, आज मी थांबते डब्यांपाशी. तू जा आत.’’

‘‘नको नको,’’ मी म्हणाले. हे ‘नको’ मात्र अगदी मनापासून होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्यासाठी चिंचेखाली जागा धरून ठेवली होती. मध्ये दगड ठेवून. दोन गाडीवाले त्याच्याशी भांडूनही गेले म्हणे.

‘‘रिझर्व्ह?’’ मी विचारलं.

‘‘पुलावासाठी,’’ तो म्हणाला. ‘‘आज काय हाय?’’

‘‘मसालेभात. सांगून टाकते, खारट झालाय.’’

‘‘मंग मी भाकरी जास्त आणली तेच बरं केलं.’’

तुम्हीचं तू कधी झालं ते आठवत नाही. गाडी आली की तो उठून जायचा, ‘‘या, या, अजून या... बास’’ ओरडायचा आणि परत यायचा. तो गेला की मी बांधाकडे चालू लागायची, आला की थांबायची. दिवस असा भराभर उतरत होता, की मला त्याचाच राग यायला लागला. संध्याकाळी आम्ही जाणार होतो. शेलूहून खालापूरला कुणी उगाच येत नाही.

ऊन कलल्यावर तो आला तेव्हा बसला नाही. उभाच राहिला.

‘‘सुप्रिया, एक विचारतो. शेलूला येऊ का? आईला घेऊन... तुझ्या घरी.’’

मला झोक्याची किंकाळीही ऐकू आली नाही. आणि त्याच क्षणी डोक्यात काय काय येऊन गेलं – दादाच्या फ्लॅटचा हप्ता, लग्नाचा हॉल, आईचं ते पर्स उघडून बघणं.

‘‘नको,’’ मी म्हणाले.

माझंच तोंड होतं. माझाच आवाज होता.

‘‘बरं,’’ देवेश म्हणाला. चिडला नाही, रुसला नाही. ‘‘उन्हातून फिरू नको, पाणी पी जरा,’’ एवढं म्हणून तो गेला. मला वाटलं, वळून बघेल. त्यानं वळून पाहिलं नाही. पलीकडे एक पांढरी गाडी मागं घ्यायला लावत होता. ‘‘या, या... बास.’’ मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नेमकी समोरून आमची पलटण येताना दिसली.

निघताना त्यानं वाटेवरचा बांबू उचलला आणि दादाला म्हणाला, सावकाश जा. माझ्या खिडकीकडे त्याची नजरही आली नाही. माझ्या शब्दाचा मान ठेवत होता तो. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

गाडी चौक फाट्याच्या रस्त्याला लागली. पोरं झोक्यांच्या गप्पा मारत होती. आई खुशीत होती.

‘‘दोन दिवसांत आत एक रुपया नाही घातला खाण्यावर. सगळं सुप्रियामुळं झालं हं. हिला कधी काही नको असतं, म्हणून किती बरं पडतं.’’

‘‘मला हवं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘काय गं?’’

‘‘झोका. तो उंचावरचा. दोन दिवस मी मान वर करून बघत होते.’’

वहिनी माझ्याकडे वळली. मला थांबताच येईना.

‘‘पाणीपुरी पण हवी होती. नेरळची.’’

‘‘कुठली पाणीपुरी? अगं, तेव्हा तूच तर म्हणाली होतीस...’’

‘‘तू पर्स उघडून बघत होतीस, आई.’’

आईनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाबा खाकरले. वहिनीनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, ‘‘आणि आत्ता काय हवंय?’’

‘‘आत्ता मागं जायचंय.’’

‘‘काय विसरलीस?’’ दादा आरशातून बघत म्हणाला.

‘‘देवेश.’’

‘‘देवेश कोण?’’ बाबा.

‘‘चिंचेखालचा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘चांगला आहे हो. मी दोन दिवस बघतेय.’’

‘‘अगं, पण असं कसं, काही विचार नाही, काही नाही... फाटा आला आता,’’ दादा पुटपुटला. ‘‘पुढं ट्रॅफिक लागेल, घरी पोचायला...’’

‘‘अक्षय,’’ आई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, ‘‘गाडी वळव.’’

‘‘आई, एवढं उलटं जायचं म्हणजे...’’

‘‘वळव म्हटलं ना. पेट्रोल मी देते.’’

शेत रिकामं झालं होतं. देवेश खुंट्यांची दोरी गुंडाळत होता. मी उतरले आणि धसकटांतून सरळ चालत गेले. मागं गाडीच्या खिडक्यांत घरचे सगळे चेहरे होते, पण आता लाजायला वेळ कुठं होता?

‘‘डबा राहिला का?’’ त्यानं विचारलं.

‘‘नाही. मघाचं परत विचार.’’

‘‘मी दोनदा...’’

‘‘माहीत आहे. मग मी विचारते. शेलूला येशील? आईला घेऊन?’’

तो दोरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. ‘‘मघाशी नको म्हणालीस.’’

‘‘हो. मी सगळ्यालाच म्हणते. सवय आहे. पण तुझ्या बाबतीत ते खरं नव्हतं, आणि गाडीत बसल्यावर मला श्वास घेता येईना.’’

‘‘आणि मी नको म्हटलं तर?’’

‘‘तर परत विचारीन. आमच्यात आग्रह करतात.’’

त्यानं दोरी टाकून दिली. ‘‘नको, तेवढी वेळ आणू नको,’’ तो म्हणाला. ‘‘येतो. शनिवारी येतो.’’

‘‘शनिवारी नको,’’ मागून आईचा आवाज आला. ती कधी उतरली, कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. डोळे लाल होते, पण पदर नीट खोचलेला. ‘‘रविवारी या. घरच्या सगळ्यांना घेऊन या. आणि चहाला नाही, जेवायलाच या.’’

देवेश वाकून तिच्या पाया पडला. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्याकडे वळली.

‘‘काय करू गं जेवायला? तुझ्या आवडीचं करते. काय आवडतं तुला?’’

मी विचार केला. खरंच केला, बराच वेळ.

‘‘ठाऊक नाही, आई,’’ मी म्हणाले. ‘‘आधी सगळं खाऊन बघावं लागेल.’’