सहावी सही

वजनकाट्यावरून उतरून मी बूट चढवत होते, तर शेजारून आवाज आला, “तुमचा कितवा महिना?”

“पहिला. तुमचा?”

“पाचवा.” तो हसला. माझ्यासारखाच भलामोठा देह, डोळे मात्र हिवाळ्यातल्या आमच्या कनाव्हा नदीसारखे करडे... ड्वेन मलिन्स, शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

पोट लहान करायच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीनं द्यायचा, तर सलग सहा महिने, दर महिन्याला दवाखान्यात वजन करून डॉक्टरांची सही घ्यायची. एक महिना चुकला की पुन्हा पहिल्यापासून. माझी साखर, माझे गुडघे, सगळं त्या सहा सह्यांवर अडलं होतं.

पुढच्या महिन्यात तो तिथंच. “काय रोवेना, प्रोटीनची पावडर कशी लागते?”

“भिंतीच्या चुन्यासारखी.”

“म्हणजे भिंतही चाटून झालीय तर!”

मी खळखळून हसले. समोरची बाई टक लावून बघत राहिली... फक्त माझ्याकडे.

“तुझा आता सहावा ना?” मी विचारलं.

“पाचवाच.”

तिसऱ्या महिन्यातही पाचवाच. चौथ्यातही. त्याचा हात माझ्या हाताला लागला — बर्फासारखा गार — तरी मी हात काढून घेतला नाही.

पाचव्या महिन्यात तो दिसला नाही. मी नर्स लोरेटाला विचारलं. तिचं पेन थांबलं.

“ड्वेन? अगं, त्याला जाऊन दोन वर्षं झाली. सहाव्या भेटीला बर्फानं घाट बंद होता, पोचलाच नाही. कंपनी म्हणाली, पुन्हा सुरू करा. तेवढा वेळ त्याच्या हृदयाकडे नव्हता.”

माझ्या सहाव्या भेटीलाही बर्फ पडत होतं. घाटात रस्ता दिसेना. गाडी मागे वळवणार, तोच काचेवर टकटक झाली. ड्वेन! त्याच्या पापण्यांवरचं बर्फ वितळत नव्हतं.

मी दार उघडलं.

“मी कोण आहे, कळलंय ना तुला?” आत बसत त्यानं विचारलं.

“हो.”

“मग दार कशाला उघडलंस?”

“तुला सोडून कशी जाऊ... तू आवडतोस मला.”

त्यानं पट्टा लावला आणि हळूच म्हणाला, “डावीकडे ठेव गाडी. बारा वर्षं बस चालवलीय इथं.”

एकेक वळण सांगत त्यानं मला दवाखान्यापर्यंत आणलं. स्वतः उतरला नाही.

सही घेऊन मी धावतच परतले. शेजारची जागा रिकामी होती, पट्टा मात्र लावलेलाच. मी कागद पुढे धरला. “बघ ना...”

कागदाचं दुसरं टोक कुणीतरी अलगद धरलं.

“बघितली,” अगदी कानाशी आवाज आला. “आणि रोवेना... मलाही तू आवडतेस. पहिल्या महिन्यापासून.”