हात काढू नकोस, स्टेशन जाईल

"तुझं खरं वय किती आहे?"

हा प्रश्न माझा नव्हता. इन्शा आणि उज्वलाचा होता. दोघींनी माझ्याशी पैज लावली होती — मधल्या सुट्टीत मैदान ओलांडून जायचं, गोलपोस्टला टेकून बसलेल्या त्या नव्या मुलाला एवढंच विचारायचं आणि अजिबात न हसता परत यायचं. हरले तर दोघींना मिसळ, तीही जादा तर्रीची.

मागच्या वर्षीची मी असते तर अर्ध्या मैदानातून पळून आले असते. पण यंदाची हर्षाली वेगळी आहे. यंदा मी स्नेहसंमेलनात निवेदन केलंय. मध्येच माईक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलत राहिले. तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटत नाही. पालीची सोडून.

तर तो. नाव सोमनाथ, अकरावी ब, दिवाळीनंतर विंचूरहून नाशिकला आलेला, आडगाव नाक्याला मामाकडे राहणारा. त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तो सारखा गुणगुणतो, आणि जे गुणगुणतो ते आमच्या व्हॅनवाल्या काकांनासुद्धा जुनं वाटेल.

त्यानं मान वर केली. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून एक डोळा मिटला.

"सोळा," तो म्हणाला. "का गं? जास्त वाटतं का?"

"ऐंशी वाटतं."

"गाण्यांमुळं का नावामुळं?"

...आणि मी हसले. खळखळून. मागून उज्वलाची आरोळी आली, "मिसळ." गेली पैज.

पण मी परत फिरले नाही. कारण त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढा एक रेडिओ होता आणि त्यातून कांदाभजी तळल्यासारखा चर्र आवाज येत होता. त्या तळणाच्या आत, खूप खोल, कुणीतरी बाई गात होती.

"जरा धर," असं म्हणून त्यानं रेडिओ माझ्या हातात दिला आणि बूट बांधायला वाकला. मी धरायचं म्हणून अँटेनाला धरलं — आणि सगळी खरखर एकदम गेली. आधी बासरी. मग ती बाई. इतकी स्वच्छ, की वाटलं गोलपोस्टच्या मागे उभी राहूनच गातेय.

बुटाची नाडी तशीच सोडून तो माझ्याकडे बघत राहिला.

"हात काढू नकोस," तो हळूच म्हणाला. "स्टेशन जाईल."

मी मुद्दाम काढला. चर्र. परत लावला. बासरी.

"ही काय जादू आहे?"

"जादू नाय. माणूस पण एक तारच असतो. पण माझा हात लावला तर निम्मंच येतं. इतकं साफ कधीच आलं नाय."

"हे सगळ्या मुलींना सांगतोस?"

"सगळ्या मुली कुठं येतात वय विचारायला..."

त्या दिवशी घंटा झालेली मला कळलीच नाही.

मग रोज. मधली सुट्टी झाली की मी डबा घेऊन गोलपोस्टपाशी. इन्शा म्हणायची, "जा, तुझे आजोबा वाट बघतायत." मी जायचे. स्टेशन शोधायचं म्हणजे काय असतं ते मला पहिल्यांदाच कळत होतं. वर्गात शोधून उपयोग नाही, ट्यूबलाइट आवाज खाते. पत्र्याच्या शेडखाली तर मुळीच नाही. रेडिओ हातात घेऊन सावकाश गोल फिरायचं, जिथं आवाज भरून येतो तिथं थांबायचं. आम्ही दोघं मैदानाच्या कोपऱ्यात असे गोल गोल फिरायचो की पीटीच्या सरांनी एकदा विचारलं, कुठल्या नाचाची तयारी आहे म्हणून.

आणि सोमनाथला सगळं पाठ होतं. सकाळी मराठी भावगीतं कुठं लागतात, दुपारी कुठल्या स्टेशनवर फर्माइश असते, संध्याकाळी जाहिरातींचा मारा सुरू झाला की कुठं उडी मारायची.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कांद्यांनी," तो म्हणाला.

त्यांच्या गावच्या घरामागे कांदा साठवायची चाळ आहे. कांदा निवडायला बायका येतात. सगळ्यांची पुढारी कुसाबाई, तिच्या मागोमाग अक्काबाई. त्यांना दिवसभर रेडिओ चालू लागतो, आणि तोही जुन्या गाण्यांचाच. गाणं थांबलं, बातम्या लागल्या, की कुसाबाई ओरडणार, "सोम्या, हे काय लावलं रे? जुनं लाव." मग सोम्या पळणार, बटण फिरवणार. लहानपणापासून त्याचं हेच काम.

"पण मोबाइलवर सगळी गाणी आहेत की."

"आहेत ना. पण तिथं आपण मागू तेच लागतं." त्यानं चाक एक केसभर फिरवलं. "इथं काय लागंल ते ठाऊकच नसतं. आणि लागलं की वाटतं... कुणीतरी बरोबर आपल्यासाठीच लावलंय."

हे बोलताना तो रेडिओकडे बघत होता. रेडिओकडेच बघत होता, असं मी इन्शाला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

मला सगळ्यात आवडायची ती दुपारची हिंदी फर्माइश. गाणं राहतं बाजूला, आधी नावंच नावं. कुठल्या कुठल्या गावांची, आणि शेवटी 'इनका पूरा परिवार'. मी हसायचे. सोमनाथ हसायचा नाही.

"कुसाबाई कधीपासून पोस्टकार्ड पाठवतीय," तो म्हणाला. "म्हणजे मीच लिहितो, ती सांगती. अजून एकदा पण विंचूरचं नाव आलं नाय. ती म्हणती, मोबाइलवरनं पाठवू नको, कार्डच पाठव. कार्ड कुणीतरी हातात घेतं."

एकदा, द्राक्षवाले जिला घाबरतात ना, तसली पावसाची भुरभुर आली. अवेळी, थंडीत. सगळे वर्गाकडे पळाले. आमचं गाणं अर्धं झालं होतं. मी रेडिओ स्वेटरमध्ये गुंडाळला, फक्त अँटेना बाहेर ठेवली, ती धरून उभी राहिले. बोटांवरून पाणी ओघळत होतं. एकदम पाऊस थांबल्यासारखं वाटलं... वर बघितलं तर सोमनाथनं स्वतःचं दप्तर माझ्या डोक्यावर धरलं होतं. तो भिजत होता.

"अरे, रेडिओवर धर ना."

"तो सुकतो," तो म्हणाला.

बस्स. एवढंच. पण मला घरी जाईपर्यंत थंडी वाजली नाही.

आता यातली गोची सांगते. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत. ते विमानं जोडतात, आणि मला ती उडवायचीत. पुण्याच्या एका निवासी अकादमीत एनडीएची तयारी करून घेतात, बारावीचं वर्षही तिथूनच. त्यांची परीक्षा मी दिली होती. नाव लागलं. घरात पेढे वाटले गेले. आणि ज्या बाबांनी माझ्या सायकलचा रंगसुद्धा स्वतः ठरवला होता, ते म्हणाले, "हर्षू, जायचं की नाही ते तू ठरव. रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आम्ही मध्ये बोलणार नाही."

मी त्याच क्षणी हो म्हणणार होते. पण आईनं माहितीपत्रक वाचून दाखवलं. मोबाइल गेटवर जमा. महिन्यातून एकदा घरी फोन, तोही फक्त आई-वडिलांना.

फक्त आई-वडिलांना.

दुसऱ्या दिवशी गोलपोस्टपाशी मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे... फोन पण नाय?"

"नाही."

चर्र झालं. स्टेशन गेलं नव्हतं, माझाच हात सुटला होता.

"जा मग," तो म्हणाला.

"बस? जा?"

"तुला विमान उडवायचंय. मी काय सांगू, इथं गोलपोस्टला टेकून बस म्हणून?"

बरोबर होतं. म्हणूनच जास्त राग आला. "निदान थोडं वाईट तरी वाटू दे ना रे," मी म्हटलं.

त्यानं रेडिओ माझ्याकडून घेतला. अँटेना मिटली. एकेक नळी आत ढकलत, अगदी हळू. घंटा व्हायच्या आधी त्यानं ती कधीच मिटली नव्हती.

मग तो दिसलाच नाही. चाळीत काम निघालंय म्हणून गावी गेला, असं त्याच्या वर्गातून कळलं. मी डबा वर्गातच खाल्ला. उज्वलानं एकही टोमणा मारला नाही, तेव्हा तर रडूच आलं.

रविवार उजाडला. दुपारी जेवणं झाली. बाबा पेपर तोंडावर घेऊन पडले होते, म्हणजे माझ्या उत्तराचीच वाट बघत होते. मला एकाएकी ती खरखर ऐकावीशी वाटली. गाणं नाही, नुसती खरखर. पण घरात रेडिओ कुठं? मोबाइलवर ते स्टेशन मिळालं असतं, पण तिथं खरखर नसते. मग आठवलं, बाबांच्या गाडीत आहे.

किल्ली उचलली, खाली पार्किंगमध्ये आले, गाडीत बसून चाक फिरवू लागले. जाहिरात. कीर्तन. परत जाहिरात. मग ते हिंदी स्टेशन, पण भिंतीपलीकडून बोलल्यासारखं. बिल्डिंगच्या खांबांनी सगळं अडवलेलं. मी दार उघडलं, उंबऱ्यावर पाय देऊन उभी राहिले आणि टपावरची अँटेना मुठीत धरली.

साफ.

फर्माइशच चालू होती. नावं, गावं, नावं. समोरच्या रावजीकाकांनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, गाडी धुतेस का?" मी तोंडावर बोट ठेवलं.

आणि निवेदिका म्हणाली, अगदी निवांत, साखर विरघळल्यासारखी —

"विंचूर, ज़िला नासिक से... कुसाबाई, अक्काबाई, सोमनाथ, हर्षाली... और इनका पूरा परिवार."

पुढं कुठलं गाणं लागलं? शप्पथ, मला आजही सांगता येणार नाही.

गाणं संपायच्या आत मी फोन लावला. पलीकडे बायकांचा नुसता गोंधळ, पत्र्याचा डबा वाजत होता.

"ऐकलंस?" सोमनाथ धापा टाकत म्हणाला.

"ऐकलं."

"कुसाबाई डबा वाजवतीय."

"मला तुझा परिवार म्हणाल्या त्या बाई."

"...ते त्यांनी त्यांच्या मनानं जोडलं. मी नुसती नावं लिहिलेली."

"माझं कशाला लिहिलंस? मी कधी कांदे निवडले?"

तो म्हणाला, "कुसाबाईनं पण इचारलं, ही हर्षाली कोण. म्हटलं, आमची अँटेना हे."

"कार्ड कधी टाकलं होतंस?"

"भुरभुर आली होती ना... त्याच दिवशी. घरी जाताना."

म्हणजे पुण्याच्या आधी. भांडणाच्या आधी. मी काही सांगायच्या कितीतरी आधी ते कार्ड निघालं होतं, आणि मी इकडे समजत होते की त्याला वाईटसुद्धा वाटत नाही.

"फक्त अँटेना का रे?" मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा होता. कुणी पैज लावली नव्हती.

"तू आवडतेस मला," तो म्हणाला. "रेडिओ नसता तरी आवडली असतीस. बघ, बोललो."

"मला पण... म्हणजे तू."

तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावला. "ए माय," एक खणखणीत आवाज आला, "तुझ्या पायगुणानं आमचं नाव लागलं. आता परिवारात आलीस ना, मग ये कांदे निवडायला." आणि पाठोपाठ सगळ्या चाळीचं हसू. मी गाडीच्या टपावर डोकं टेकवून हसत होते, गाल गरम झाले होते, आणि मूठ अजून अँटेनावरच होती.

आणि तेव्हा सुचलं.

"सोमनाथ, हे स्टेशन पुण्याला लागतं?"

"देशभर लागतं. का?"

त्यालाही कळायला थोडाच वेळ लागला. त्याचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

"त्यांच्या नियमांत रेडिओचं काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही. फक्त मोबाइल."

"दर आठवड्याला कार्ड टाकीन. वाचतील का नाय, ते ठाऊक नाय हां."

"ठाऊक नसू दे," मी म्हटलं. "तीच तर गंमत आहे."

"हर्षू, गाडीत काय चाललंय?" वरून बाबांचा आवाज. शेजारी आई, हातात पापडाचं लाटणं. रावजीकाका तर खुर्चीच घेऊन बसले होते.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. केस विस्कटलेले, हात टपावरच्या धुळीनं काळा. दोघं दारातच उभे होते. बाबांनी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता.

"ठरलं," मी म्हटलं. "मी पुण्याला जाणार. एनडीएची परीक्षा पण पास होणार. पण मला एक रेडिओ घेऊन द्या."

"रेडिओ?" आई म्हणाली. "आत्ताच्या काळात?"

"हो. विंचूरचा सोमनाथ माझ्यासाठी फर्माइश पाठवणार आहे, माझ्या नावासकट. चोरून नाही, सगळ्या देशाला ऐकू जाईल अशी. दुपारी तुम्ही पण लावत जा."

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं लाटण्याकडे.

"कुठला रेडिओ?" बाबांनी शेवटी विचारलं. "मोठ्या अँटेनाचा?"

"लहान असली तरी चालेल बाबा," मी म्हटलं. "माझा हात लागला की लागतं."