दगड ठेवलेली फळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे माझ्यासमोर घडलंय. गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मेयो परगण्याचा पश्चिम किनारा, बेलमलेट गावाच्याही पुढे.

माझा भाऊ कॉर्मक बाप होणार होता. बाळाच्या पाळण्यासाठी त्याला समुद्रातून वाहून आलेलंच लाकूड हवं होतं. म्हणून संध्याकाळी वाळूच्या टेकड्या तुडवत आम्ही किनाऱ्यावर उतरलो.

कुजलेल्या शेवाळाचा ढीग गुडघाभर. पाय टाकला की खालून किडे उडायचे. शी!

तिथेच फळी दिसली. लांब, सरळ. भरतीच्या रेषेच्या वर ओढलेली... आणि तिच्यावर दगड.

दगड ठेवलेल्या लाकडाला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. ज्याने पाण्यातून ओढून काढलं, त्याचं ते.

"कॉर्मक, ही कुणाची तरी आहे."

"इथे कोण येतंय मरायला? लाटेने आणला असेल दगड."

"आणि नीट मधोमध ठेवला?"

"ऊना, डोकं खाऊ नकोस. मागचं टोक धर."

त्याने दगड लाथेने उडवला.

तो पुढे, मी मागे. टेकड्यांत शिरलो आणि वास आला. शेवाळाचा नव्हे... आठवडाभर पाण्यात राहिलेल्या मांसाचा.

वारा पडला होता. एकही पक्षी नाही.

फळीखाली माझी बोटं कशात तरी रुतली. मऊ. बुळबुळीत. एक हात काढून पाहिला, तर बोटांना पांढरी कातडी चिकटलेली... नखासकट.

माझी नव्हती.

मी फळी सोडली आणि वाळूत भडाभडा ओकले.

मान वर केली...

फळी पडली नव्हती.

कॉर्मक तसाच चालत होता. मागचं टोक हवेत, सरळ, माझ्याच उंचीवर. तो काहीतरी बोलत, हसत टेकडीपलीकडे गेला. मी धडपडत त्याच्या मागे निघाले.

गाडीपाशी पोहोचले तेव्हा फळी टपावर बांधून झाली होती.

"आत्ता तर माझ्या मागे होतीस. तोंड पुसत कुठून येतेयस?"

मी सगळं सांगितलं. एरवी त्याने माझी टर उडवली असती. आता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग मला विचारलं कुणी?"

"काय विचारलं?"

"बाळ कधी होणार म्हणून... मला वाटलं तूच. मी तारीख सांगितली, ऊना."

फळी आम्ही तशीच परत नेऊन ठेवली. हात दहादा धुतले, तरी मला त्या हाताने अजून जेववत नाही.

वहिनीला, ऑर्लाला, यातलं काही सांगितलेलं नाही. तिचे दिवस भरलेत. तारीख येत्या शुक्रवारची आहे.