अकरा दिवसांची नथ

पूर्वी मोती खरा की खोटा हे बघायला तो दातावर हलकेच घासायचे. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. आता मोत्याला दात कुणी लावत नाही. मोबाइलवर नथ विकायला आली की लोक आधी विचारतात, ‘श्वास किती तासांचा?’ बसऱ्याचे मोती, तीनशे तास श्वास, एकाच बाईचा, अशी जाहिरात असली तर नथ मोटारगाडीच्या भावात जाते. कुणी कधी न घातलेली कोरी नथ मात्र दुकानात धूळ खात पडते. आपल्या आज्या ‘घालून जुनी करू नकोस गं’ म्हणायच्या. त्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

हे सगळं एका शोधामुळे घडलं. मोती म्हणजे मुळात चुनाच, शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेला. आपल्या उच्छ्वासात ओल असते आणि कार्बन डायऑक्साइड असतो. दोन्ही मिळून अगदी सौम्य आम्ल तयार होतं. नथ ओठांवर लोंबते, त्यामुळे बाईच्या प्रत्येक उच्छ्वासाने मोत्याचा पृष्ठभाग नाममात्र विरघळतो आणि लगेच पुन्हा आळतो. दुधावर साय धरते ना, तसंच. फक्त ही साय केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ. श्वास लांब असेल तर जाड, तोकडा असेल तर विरळ. प्रत्येक सायीत त्या घटकेची हवाही अडकते, त्यामुळे दिवस आणि वेळही कळते. या सायी एकेक करून वाचणारं यंत्र निघालं आणि त्या नोंदीला नाव पडलं श्वासलेख. गळ्यातल्या मोत्यांना हे भाग्य नाही, त्यांच्या वाट्याला नुसता घाम.

सांगलीच्या अभिजित नांद्रेकरांनी आपल्या बायकोची नथ विकली ती या शोधाच्या दोन वर्षं आधी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस. उसाच्या ट्रकमागे दहा किलोंची चूक त्यांनी कधी होऊ दिली नाही. ऋजुताचं वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी कपाट आवरायला घेतलं तेव्हा डबीत ती नथ निघाली. सात मोती, मध्ये लाल खडा, आणि खालचा एक मोती जरासा चेपलेला. मुलगी परदेशात, तिचं नाकही टोचलेलं नाही. नांद्रेकरांनी आठवून आठवून मोजलं. सबंध संसारात ऋजुताने ही नथ अकरा दिवस घातली होती. लग्न, मंगळागौर, नणंदेचं लग्न, मुलीचं बारसं, असे सगळे दिवस त्यांना तारीखवार पाठ होते. ‘तिला नथीची हौसच नव्हती,’ असं सराफाला सांगून ते मोकळे झाले.

मग श्वासलेखाची बातमी आली आणि माणसाची झोप उडाली. घरात तिचे फोटो हजार होते, पण ती ज्यात होती त्या प्रत्येक व्हिडिओत ती मागे कुठेतरी सरबताचे पेले घेऊन चाललेली. एकतीस वर्षं शेजारच्या उशीवर ऐकलेला तिचा श्वास जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने विकला होता. त्यांना ती परत हवी होती. ती येणार नव्हती, म्हणून निदान नथ हवी होती. सराफाकडून ती केव्हाच पुढे गेली होती.

नांद्रेकरांनी शेवटी ऑनलाइन बाजारात जाहिरात टाकली. नथीचं वर्णन दिलं, आणि काट्यावरच्या माणसाच्या सवयीने ते अकराही दिवस तारखांसकट लिहून टाकले. इतक्या बारकाईने लिहिल्यावर ओळख पटायला वेळ लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. महिन्याभरात दोन नथी निघाल्या, दोन्ही चेपलेल्या मोत्याच्या. दोन्ही आठ दिवसांच्या बोलीवर जाकड मिळाल्या, म्हणजे पसंत पडली तर ठेवायची, नाही तर परत. लेख अजून कुणी काढला नव्हता म्हणून भाव आवाक्यात होते, तरी विकत घेण्याची ऐपत एकीचीच होती. शनिवारी मुदत संपत होती. शुक्रवारी सकाळी ते दोन डब्या खिशात घालून मिरजेला मोतीपरीक्षा केंद्रात डॉ. शाल्मली नेर्लेकरांसमोर बसले होते.

डॉक्टरबाई चाळिशीच्या. त्यांनी पहिल्या नथीचा लेख पडद्यावर आणला. मोजून अकरा पट्टे. पहिला सर्वांत लांब, तो लग्नाचा. दुसरा मंगळागौरीचा, जागरणासकट. नांद्रेकर एकेका पट्ट्यावर बोट ठेवत गेले आणि सातव्यावर आले तेव्हा त्यांना पुढचं दिसेना. खिशातला रुमाल काढून ते बराच वेळ डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या नथीच्या लेखाने पडदा काठोकाठ भरला. चार हजारांवर तास. जवळजवळ एकोणीस वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, दुपारी. नांद्रेकरांना हसू आलं. ही कुठल्या तरी हौशी बाईची असणार, ही आजच परत पाठवतो, पहिलीचं तेवढं पत्र द्या, असं ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पत्र लिहायला घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “काका, पहिली खोटी आहे.”

“अहो, अकराच्या अकरा दिवस जुळलेत की.”

“जुळलेत म्हणूनच.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आता श्वास भरून द्यायचे कारखाने निघालेत. कोऱ्या नथीवर यंत्राच्या भात्याने ओलसर हवा सोडतात, हव्या त्या दिवसाची, हवी तितकी. कुठले दिवस भरायचे हे त्यांना जाहिरात वाचून कळतं. गेल्या दोन वर्षांत नवऱ्याच्या आठवणीशी तंतोतंत जुळलेली एकही खरी नथ डॉक्टरबाईंच्या टेबलावर आली नव्हती. खऱ्या नथीत नेहमी काहीतरी जास्त निघतं.

नांद्रेकरांना हे पटेना. मी काय बायकोला ओळखत नाही का, असं ते जरा चिडूनच म्हणाले. डॉक्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. ऋजुताला दम्याचा त्रास होता. इस्पितळात काढलेला तिच्या श्वासाचा आलेख नांद्रेकरांनी स्वतःच फाइलमध्ये लावून आणला होता. त्यात प्रत्येक उच्छ्वासाच्या सुरुवातीला एक बारीक अडखळ होती, उंबऱ्याला पाय लागावा तशी. जाहिरातीत या अडखळीचा उल्लेख नव्हता. पहिल्या नथीत ती अडखळ एकदाही नव्हती. दुसरीत ती प्रत्येक श्वासाला होती, आणि त्या गर्दीत ते अकरा दिवसही आपापल्या जागी होते.

पंखा फिरत होता. नांद्रेकरांनी दुसरी डबी जवळ ओढली आणि पुन्हा दूर सारली.

“काय करायची ती दुपारची नथ घालून?” त्यांनी विचारलं.

“साधा श्वास तीन सेकंदांत सुटतो. हे बघा, चौदा सेकंद. हा सतरा. दम्याच्या माणसाला हे सोपं नाही. आणि सगळे एका लयीत. काका, त्या गात होत्या.”

मग नांद्रेकरांना मुलगी बघायला गेले होते तो दिवस आठवला. ऋजुता कॉलेजात नाट्यपदांच्या स्पर्धेत बक्षिसं मिळवायची. ‘नथ घातल्याशिवाय माझा सूर लागत नाही,’ असं ती म्हणाली होती आणि सगळे हसले होते. तेही हसले होते. लग्नानंतर नांद्रेकरांचे वडील अंथरुणाला खिळलेले, घरात आवाज चालत नसे. सात वर्षांनी वडील गेले. गाऊ नकोस असं तिला कुणीही कधी म्हणालं नव्हतं. गा, असंही कुणी म्हणालं नव्हतं. नांद्रेकरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“ऐकायला मिळेल?”

“स्वर नाही उरत. नुसता श्वास उरतो. तो देता येईल.”

टेबलावर एक बारीक नळी होती. लेखात जसा श्वास, तशी हवा तिच्यातून सुटायची. नांद्रेकरांनी तळहात पुढे केला. आधी ती अडखळ लागली. मग ओलसर, कोमट हवा येत राहिली, संपेल संपेल वाटतानाही येत राहिली. थोडी विश्रांती, पुन्हा अडखळ, पुन्हा ती लांब धार. पंधरा-वीस मिनिटं ते तसेच बसले. आणि एका धारेच्या ऐन मध्यावर हवा थांबली.

“बंद पडलं का हो?”

“नाही. लेखच तिथे तुटतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मला तेच तुम्हाला विचारायचं होतं. रोज साधारण याच वेळी, हवेत संध्याकाळचा धूर चढायला लागला की, गाणं मध्येच तुटतं. रोज. काय व्हायचं तेव्हा तुमच्या घरी?”

नांद्रेकरांनी तळहात मागे घेतला नव्हता.

“पावणेसहाला मी यायचो.”

डॉक्टरबाईंनी पुढचं विचारू की नको, असा विचार केला. पण परीक्षेच्या कागदावर तो रकाना होता. “आणि शेवटची पाच वर्षं काहीच नाही. तेव्हापासून दमा वाढला होता का?”

“नाही. मी रिटायर झालो.”

नियमाप्रमाणे डॉक्टरबाईंनी दोन्ही नथींची पत्रं लिहिली, एक खोटीचं, एक खरीचं, आणि दोन्ही डब्या पुढे केल्या. बरेच जण खोटीच घेऊन जातात, हेही त्यांनी सांगितलं. पत्र वाचून, समजून, तीच नेतात. त्यात कुणाची चूक आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

नांद्रेकरांनी दुसरी घेतली.

ती आता स्वयंपाकघराच्या खिडकीत उघड्या डबीत असते, जिथे दुपारचं ऊन येतं. शेजारच्यांना एक गंमत वाटते. दिवसभर घरात बसून असणारे नांद्रेकर दुपारचं जेवण झालं की दार ओढून घेतात आणि बाहेर पडतात, ऊन असो की पाऊस. कृष्णेच्या घाटावर बसतात, गणपतीला जाऊन येतात, उगाच चौकात उभे राहतात. पावणेसहा वाजून जातात, सात वाजतात, दिवे लागतात. मग ते परत येतात, आणि कुलपाला किल्ली लावण्याआधी दाराशी थोडा वेळ थांबतात.