रोम ते लिस्बन

नालासोपाऱ्याहून गासला निघालेल्या एसटीत क्लेमेंटीनच्या मांडीवर शाळेचा नवाकोरा पृथ्वीगोल होता. वळणावर तो निसटला... आणि शेजारच्या तरुणाने अलगद झेलला.

"सांभाळा बाई, अख्खं जग घेऊन निघालात!"

"भूगोल शिकवते मी," ती म्हणाली. त्याचे डोळे हसरे आहेत, हे तिच्या नको तितकं लक्षात आलं.

तो उमेळ्याचा ज्युलियस. मालवाहू बोटीच्या इंजिनावर कामाला, सुटीवर आलेला. गोलावर बोट टेकवून त्याने ऐट मारली, "हे रोम, हे लिस्बन. गेल्या वर्षी बोट गाठायला विमानाने गेलो. दोन तास फक्त! दहाला उडालो, बाराला उतरलो."

क्लेमेंटीनने गजऱ्याची केळीच्या सोपटाची दोरी सोडली, एक टोक त्याला धरायला देऊन दोन शहरांमध्ये ताणली, मग विषुववृत्तावरच्या अंशांशी ताडून पाहिली. "साडेअठराशे किलोमीटर. तीन तास लागतात."

"अहो, मी बसलो होतो त्यात!"

"लिस्बनचं घड्याळ रोमच्या एक तास मागे—"

"बाय गो," मागच्या बाकावरून गासचे थॉमसकाका ओरडले, "तू विमानतळ तरी पाहिलास का?"

सगळी बस हसली. ज्युलियसही हसला, आणि तेच तिला लागलं. गोल छातीशी धरून ती ताठ मानेने उतरली. दोरी त्याच्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी विचारलंच, "बाई, दोन की तीन?" तिने फळ्यावर भला मोठा तीन काढला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. गावभर थट्टा झाली, तरी तो आकडा तिथेच राहिला.

रविवारी मिस्सा सुटली, तर चर्चच्या अंगणात इस्त्रीच्या शर्टात ज्युलियस उभा!

"थॉमसकाका, थांबा. सगळेच ऐका," तो म्हणाला. "लिस्बनला उतरलो तेव्हा विमानतळाच्या घड्याळात बारा, पण माझ्या मनगटावर एक वाजला होता. नवं घड्याळ बिघडलं म्हणून मी दुकानदाराला शिव्या घातल्या, काटे मागे केले. घड्याळ ठीक होतं. तीन तासच लागले. बाईंनी इथे बसून दोरीने मोजलं, ते मला तिथे जाऊनही कळलं नाही."

थॉमसकाकांनी टोपी काढली. क्लेमेंटीनचा ऊर अभिमानाने भरून आला. डोळेही भरले, आणि तिने ते लपवले नाहीत.

ज्युलियसने मूठ उघडली. आत तीच दोरी. "अजून एक अंतर मोजाल? उमेळे ते गास... आईला घेऊन यायचं म्हणतो."

"मागणी घालायला?" तिने सरळ विचारलं. "शाळा सोडणार नाही मी."

"सोडू नकाच! माझी बायको भूगोल शिकवते, हे मला अख्ख्या बोटीला सांगायचंय."

तिने दोरी उचलली, वेणीला बांधली.

"बसमध्ये तुम्ही हसलात ना... घरी जाऊन रडले मी," ती हळूच म्हणाली. "थॉमसकाका हसले, त्याचं काही वाटलं नव्हतं. तुम्ही आवडला नसतात, तर रडले नसते."