मागचा रस्ता

ही गोष्ट खरी आहे.

व्हर्लिन स्टकी एरवी थापा मारतो, नाही असं नाही. पण या गोष्टीत त्याचा स्वतःचा मूर्खपणा आहे, आणि तो कोणी हौसेने सांगत नाही.

जानेवारी १९७९. वायोमिंगमध्ये लॅरमीहून रॉलिन्सला जाणारा हायवे. वेळ भर दुपारची, पावणेतीन.

सुरुवात मात्र सकाळीच, लॅरमीत एमेटच्या रेडिओच्या दुकानात झाली.

व्हर्लिन आणि त्याची बायको आर्डिथ एकच ट्रक आळीपाळीने चालवत. ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तो सीबी रेडिओ त्यांचा बंद पडला होता. पुढे हिमवादळाची बातमी होती.

"चाळीस चॅनेलवाला दे," व्हर्लिन म्हणाला.

"बोलणार तू एकोणीसवरच, सगळ्या ट्रकवाल्यांसारखा," म्हातारा एमेट म्हणाला. "बाकीच्या एकोणचाळीसांचं लोणचं घालणार का?"

"मग जास्त ताकदीचा दे."

"कायद्याने सगळे चारच वॉटचे. साधा रेडिओ घे आणि उरलेले पैसे अँटेनात घाल. लांब घे, बाहेरच्या आरशाच्या वर उंच बसव. मी रेडिओशी जुळवून देतो."

"म्हणजे तुला महागाचा अँटेना खपवायचाय."

"अरे, ऐक की त्याचं! एकदा तरी!" आर्डिथ म्हणाली.

व्हर्लिनने तीन तास घोळ घातला आणि शेवटी एमेटने सांगितलं तेच घेतलं. रेडिओ बसवून एमेट जुळवणीचं मीटर आणायला आत गेला. अँटेना अजून जोडायचा होता. व्हर्लिनचा धीर संपला. त्याने माईकचं बटण दाबून धरलं आणि ओरडला, "एमेट, मीटर आणतोस की जन्माला घालतोस?"

जळका वास आला.

एमेट परतला, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अँटेना न जोडता बटण दाबलंस? झालं. आता हा ऐकेल, बोलणार नाही. दुसरा घे."

"पुन्हा पैसे? मुळीच नाही. ऐकू आलं तरी पुरे."

एमेटने अँटेना जोडून दिला आणि ट्रक निघाला. वाटेतल्या अर्लिंग्टन गावाच्या पुढे वारा सुटला. रस्ता, आभाळ, ट्रकचं नाक... सगळं पांढरं. काही दिसेना. थांबावं तर मागून कोणी येऊन आदळणार. चालावं तर पुढे काय पडलंय, कुणास ठाऊक.

अशा वेळी रिवाज ठरलेला. समोरून येणाऱ्याला विचारायचं. तो त्याच्या मागचा रस्ता सांगतो, आपण आपल्या मागचा. देवाणघेवाण.

व्हर्लिन सवयीने बटण दाबत होता आणि शिव्या देत होता.

"मेलेल्याशी कशाला बोलतोस?" आर्डिथ म्हणाली.

रेडिओत खरखर थांबली.

अगदी थांबली...

"सुका पाव, ऐकतोयस?"

सुका पाव हे व्हर्लिनचं रेडिओवरचं टोपणनाव. या रेडिओवर त्याने ते एकदाही घेतलं नव्हतं.

"माझ्या मागे दोनशे अडुसष्टाव्या मैलाला ट्रेलर आडवा पडलाय. दिवे बंद. तुझ्याच बाजूला."

आवाज कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट. पण येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणारा रेडिओवरचा काटा...

शून्यावर.

उजवीकडे मैलाचा खांब सरकला. दोनशे एकोणसत्तर.

"सोड! पाय काढ अ‍ॅक्सिलरेटरवरून!" आर्डिथ किंचाळली.

ट्रक रांगत रांगत थांबला. नाकापासून दहा पावलांवर आडवा ट्रेलर होता.

त्याचा ड्रायव्हर केबिनमध्ये कुडकुडत बसलेला. जिवंत.

"तू सांगितलंस का रेडिओवर?" व्हर्लिनने विचारलं.

"माझ्याकडे कुठला रेडिओ? दोन वर्षं झाली, कोणता घ्यावा तेच ठरत नाहीये."

संध्याकाळी पोलीस आले. व्हर्लिनने समोरून आलेल्या ट्रकची चौकशी केली.

"समोरून?" पोलीस म्हणाला. "ती बाजू सकाळी अकरालाच बंद केलीय. एक सायकलसुद्धा आलेली नाही."

ट्रकमध्ये चढताना रेडिओ पुन्हा शांत झाला...

"मी माझा सांगितला, सुका पाव. तुझ्या मागचा रस्ता कसा आहे?"

व्हर्लिनने बटण दाबलं. दाबतच राहिला.

"ऐकू येत नाही, सुका पाव. तुझा अँटेना बघ."

त्यानंतर व्हर्लिनने तीन रेडिओ बदलले. एमेटच्या दुकानातला सर्वांत लांब अँटेना घेतला, कुरकुर न करता. आता रॉलिन्समधले लोक सांगतात, तुझा आवाज घंटेसारखा येतो.

तरी जानेवारीत, दोनशे अडुसष्टाव्या मैलाला, खरखर थांबते. काटा शून्यावर येतो. तोच प्रश्न. व्हर्लिन घसा फुटेस्तोवर सांगतो, "मोकळा आहे रे बाबा! अर्लिंग्टनपर्यंत मोकळा! ये!"

"ऐकू येत नाही, सुका पाव..."

मग तो त्या वाऱ्यात खाली उतरतो, आरशापाशी चढतो, अँटेनाचा जोड तपासतो. आर्डिथ आता त्याला हसत नाही.

जोड दर वेळी घट्टच असतो.