उसनं मशीन

मोबाईल खिशात घाला सगळ्यांनी. आणि ए चष्मिस, "असं कुठं असतं का" ही तुझी रेकॉर्ड आज लावायची नाही. मी ऐकीव गोष्टी सांगत नाही. ज्याच्यावर ही गुदरली तो आमचा टेलर मास्तर अजून चौकातल्या दुकानात बसतो. उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही तो, पण विचारा.

तर, फेब्रुवारीची अकरा तारीख. रात्रीचे पावणेदहा. मास्तर रिक्षातून एक मशीन पोचवायला निघाला होता. ऑक्सिजनचं मशीन, आजारी माणसाला घरी लावतात ते. एका संस्थेनं वहिनींसाठी उसनं दिलेलं. वहिनी म्हणजे मास्तरची बायको. दुकानातलं काज-बटण, हातशिलाई सगळं त्यांच्याकडे. फुफ्फुसाचा कॅन्सर झाला आणि नोव्हेंबरात गेल्या बिचाऱ्या.

असं मशीन काम झालं की लगेच परत करायचं असतं, दुसरा पेशंट वाट बघत असतो. संस्थेचा फोन आला की मास्तर म्हणायचा, उद्या देतो. आता शिंप्याचा उद्या म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे! पण खरं कारण वेगळंच होतं. रोज रात्री हा गडी रिकाम्या खाटेशेजारी ते मशीन चालू करून झोपायचा. त्याची घरघर ऐकल्याशिवाय त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दुसरा आधार धाकट्या मेहुणीचा. ती नर्स. रोज संध्याकाळी फोन करून मास्तर तिच्याकडे गोष्ट मागायचा, मेल्यावर माणसाचं काय होतं त्याची. ती सांगायची, "भावोजी, माणूस एकटा जात नाही. वॉर्डात किती बघितलंय मी. एका आजीनं तर शेवटच्या घटकेला केस सारखे करून घेतले. म्हणाली, आई आलीय न्यायला, असं पिंजारलेलं बघून रागवेल."

"मनाचं सांगत असलीस तरी चालेल गं," मास्तर म्हणायचा. "पण आणखी एक सांग."

त्या संध्याकाळी मेहुणीनं गोष्ट सांगितलीच नाही. म्हणाली, "आमच्या वॉर्डातून एका पोस्टमनकाकांना आज घरी सोडलंय. ताईचाच आजार. संस्थेकडे मशीन शिल्लक नाही, आणि तुम्ही ते कुरवाळत बसलाय. भावोजी, लाज वाटू द्या थोडी!" मास्तर वरमला. मुकाट्यानं निघाला.

पोस्टमनकाकांचं घर दोन खोल्यांचं. काकूंनी चार रात्री पाठ टेकली नव्हती. मास्तरनं मशीन लावलं, नळी काकांच्या नाकात बसवली, कानांमागून घेतली. काकांना जरा हुशारी आली. मग तो काकूंना म्हणाला, "तुम्ही आत जाऊन पडा घटकाभर. मी बसतो."

दिवा मालवला. मशीनवरचा हिरवा ठिपका तेवढा उरला.

"मास्तर," काका म्हणाले, "भीती वाटते हो."

मास्तरनं त्यांना त्या आजीची गोष्ट सांगितली. मेहुणीच्या आणखी दोन सांगितल्या. म्हणाला, न्यायला कोणीतरी येतंच, काका.

"तुमच्या मिसेसना कोण आलं होतं?"

तीन महिने कोणालाच न सांगितलेलं मास्तर बोलून गेला. "माहीत नाही, काका. मी शेजारीच होतो, पण झोपलो होतो. जाग आली तेव्हा ती गेलेली. तिनं हाक मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल... तेच खातंय मला."

काका म्हणाले, "बरं. मी झोपतो. तुम्ही मात्र आज जागे राहा."

शब्द दिला मास्तरनं. डोळ्यांत तेल घालून बसला. पण ती घरघर... तीन महिने जिच्यावर झोपायची सवय लावून घेतली होती, तीच ती. बारा वाजले. एक वाजला...

टक.

कपाळावर काहीतरी लागलं. गार.

टक. टक.

शिवताना बोटात घालतात ना, ती लोखंडी टोपी. दुपारी दुकानात मास्तर पेंगला की वहिनी अशीच मारायच्या.

मास्तरनं डोळे उघडले. घड्याळाचे काटे अंधारात चमकत होते. दोन वाजून दहा मिनिटं. समोर कोणी नाही.

काका...

नळी नाकातून निसटून गळ्याशी आली होती. तोंड उघडं. एक हात चादर चाचपत होता. हाक मारायला श्वासच नव्हता.

मास्तरची पाचावर धारण बसली. नळी लावली. निसटली. परत लावली. परत निसटली. "काकू! अहो काकू!" आतून आवाज नाही. धावला. दार ढकललं. काकूंना गदागदा हलवलं. मागे वळला...

आणि उंबऱ्यातच थांबला.

काकांचा श्वास चालू होता. सावकाश. एकसारखा.

डोळे मिटूनच काका पुटपुटले, "मास्तर... हात किती गार हो तुमचा..."

मास्तर खाटेपासून आठ पावलं लांब होता.

काकूंनी दिवा लावला.

नळी जागच्या जागी. आणि पुन्हा हलू नये म्हणून उशीच्या अभ्र्याला शिवून टाकलेली. पांढरा दोरा. नळीवरून घेतलेले तीन टाके.

मास्तरजवळ सुई नव्हती. काकू तर आत्ता उठल्या होत्या. आणि शिंप्याला टाका बघून हात ओळखता येतो, पोरांनो. हे टाके उलट्या बाजूनं आले होते. डावखुऱ्या माणसाचे. वहिनी डावखुऱ्या होत्या.

मास्तर तिथंच फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. मला सांगतानाही रडला. म्हणाला, "अरे, तिला उठवायचं असतं तर तिनं त्या रात्रीही उठवलं असतं. दमलेला बघून मुद्दाम झोपू दिलं रे मला!" आता ही मनाची समजूत म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही. काका पुढे एकोणीस दिवस काढून गेले, काकूंचा हात हातात धरून. तेव्हापासून मास्तरनं मेहुणीकडे गोष्ट मागितलेली नाही.

पण त्या रात्री रडू आवरल्यावर त्यानं शेवटच्या टाक्याचा दोरा बोटांत धरून बघितला होता. कात्रीनं कापलेला नव्हता. दातानं तोडला होता...

टोक अजून ओलं होतं.